खोती गेली ती रत्नागिरीच्याच माणसाच्या राज्यात

वाचकहो, घरातल्या जुन्या पेटीत फेरफाराचे पिवळे पडलेले उतारे असतील तर ते एकदा काढून बघा. १९५० सालाच्या पुढे-मागे एखादी नोंद सापडेल. खोताचे नाव कमी झाले आणि धारेकऱ्याचे किंवा कायम कुळाचे नाव कब्जेदार म्हणून लागले, अशा अर्थाची. ज्या कायद्याने ही नोंद झाली तो कोणाच्या राज्यात झाला असे विचारले, तर पुष्कळ जण मोरारजी देसाईंचे नाव घेतील. मोरारजीभाई तेव्हा महसूल मंत्री होते हे खरे. पण मुख्यमंत्री होते बाळासाहेब खेर. आणि हे खेर जन्माने आपल्या रत्नागिरीचे.

पूर्ण नाव बाळ गंगाधर खेर. जन्म २४ ऑगस्ट १८८८, रत्नागिरी. गंमत बघा, लोकमान्यांचेही नाव बाळ गंगाधर आणि जन्मही रत्नागिरीचाच, बरोबर बत्तीस वर्षे आधीचा. टिळक जन्मस्थान बघायला आपल्याकडे गाड्या येतात. खेरांचे नाव रत्नागिरीत फारसे कोणी काढत नाही. तसे पाहिले तर त्यांचे लहानपणही इथे गेले नाही. जमखंडी संस्थानातल्या कुंदगोळला पहिली काही वर्षे, मग शिक्षणाला पुणे, पुढे मुंबईचे विल्सन कॉलेज. संस्कृतात हुशार, बी.ए.ला पहिला वर्ग, मग वकिली. हायकोर्टाचे न्यायमूर्ती बीमन यांच्याकडे त्यांनी काही वर्षे काम केले आणि १९१८ साली सॉलिसिटरची कंपनी भागीदारीत काढली. ‘मणिलाल खेर अंबालाल’ हे नाव मुंबईच्या कोर्टकचेऱ्यांत पुढे दांडगे झाले. म्हणजे घरचे बरे चाललेले होते. तरी १९३० च्या कायदेभंगात ते तुरुंगात गेले, १९३२ ला पुन्हा गेले. बोलणे मवाळ, राहणी खादीची, आवाज चढवायचा नाही. मुंबईत त्यांना सज्जन माणूस म्हणूनच ओळखत. राजकारणात हे विशेषण नेहमीच कौतुकाने लावतात असे नाही, ते तुम्हीही जाणता.

आता खेर बाजूला ठेवून थोडे खोतीकडे वळू, कारण आजच्या पंचवीस-तीस वर्षांच्या पोराला खोत म्हणजे आडनावच वाटते.

खोत म्हणजे गावाचा सारा सरकारात भरण्याचा मक्ता असलेला वतनदार. दरवर्षी त्याने कबुलायत लिहून द्यायची, ठरलेला सारा भरायचा आणि गावाकडून तो वसूल करायचा. सरकारात भरलेली रक्कम आणि गावातून गोळा केलेली रक्कम यातला फरक तो खोताचा फायदा. रत्नागिरी जिल्ह्यातली बहुसंख्य गावे अशी खोती होती. खोत ब्राह्मण होते, मराठा होते, मुसलमानही होते. कुळे बहुतेक कुणबी, महार, भंडारी, शिवाय गरीब मराठेही. कुळांतही उतरंड होती. धारेकरी फक्त सरकारी धारा द्यायचा, तो त्यातल्या त्यात सुखी. दुपटकरी नावाप्रमाणे दुप्पट द्यायचा. सर्वांत खाली अर्धेलकरी. भाताचे निम्मे खोताच्या घरी, आणि वरकस जमिनीवरच्या नाचणी-वरीचे तिसरा हिस्सा. किती पिकले ते ठरवायचे कसे? उभे पीक बघून खोताचा माणूस अंदाज बांधायचा. त्याला अभावणी म्हणत. अभावणी झाल्यावर पावसाने भात आडवे केले तरी आकडा आडवा होत नसे!

यावर वेठ होती. नांगरणीला पहिला दिवस खोताच्या शेतात. लाकडे, शाकारणी, ओझी, सणासुदीची भेट, सगळे फुकट. याला कागद नव्हता, रीत होती. आणि रीतीविरुद्ध दाद मागायला तालुक्याला जायचे तर तिथे लिहिता-वाचता येणारा माणूस पुन्हा खोतच.

इंग्रजांनी १८८० साली खोती कायदा करून ही सगळी व्यवस्था कागदावर पक्की केली. त्याच साली आयर्लंडमध्ये कुळांनी कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याला वाळीत टाकले आणि त्यावरून इंग्रजी भाषेला ‘बॉयकॉट’ हा शब्द मिळाला. तिकडच्या कुळांना पुढे १९०३ च्या कायद्याने सरकारी कर्ज काढून जमिनी विकत घेता आल्या. राज्य दोन्हीकडे इंग्रजांचेच. पण आयर्लंडचे खासदार लंडनच्या पार्लमेंटात बसायचे आणि आपल्या अर्धेलकऱ्याला मत कशाशी खातात हेही माहीत नव्हते.

मताचा अधिकार थोडासा खाली झिरपला तो १९३७ च्या निवडणुकीत. मुंबई इलाखा तेव्हा केवढा! गुजरात, धारवाड, विजापूर, कारवार, सगळे त्यातच. असेंब्लीच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ८६ मिळाल्या. नेता कोण यावर मुंबईत मोठा वाद झाला. प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष नरिमन यांना वाटत होते की मान आपला. वल्लभभाईंनी आपल्याला डावलले अशी त्यांची तक्रार होती आणि ते प्रकरण गांधीजींपर्यंत गेले. झाले काय, तर १९ जुलै १९३७ रोजी बाळासाहेब खेर इलाख्याचे पहिले काँग्रेसी प्रधानमंत्री झाले. तेव्हा प्रांताच्या प्रमुखाला प्रधानमंत्रीच म्हणत, मुख्यमंत्री हा शब्द घटना आल्यावरचा. शिक्षण खाते त्यांनी स्वतःकडे ठेवले. गृह मुन्शींकडे, अर्थ लठ्ठ्यांकडे, महसूल मोरारजींकडे.

कुळांना वाटले, आता आपले राज्य आले. वाटायला कारणही होते. आदल्याच डिसेंबरात खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले होते आणि तिथे शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम मंजूर झाला होता.

सरकार येऊन दोन महिनेही झाले नव्हते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असेंब्लीत खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. स्वतंत्र मजूर पक्ष हा त्यांचा पक्ष, आणि कोकणातल्या कुळांत अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर ही मंडळी काम करीत होती. बिल अगदी बेछूट होते असे समजू नका. खोताला नुकसानभरपाई द्या आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला कब्जेदाराचा हक्क द्या, अशी त्याची मांडणी. कायदेपंडिताने लिहिलेले, समतोल बिल. खेर सॉलिसिटर, त्यांना ते कळले नसेल असे कोण म्हणेल?

मग १० जानेवारी १९३८ ला मोर्चा निघाला. ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, सातारा, नाशिक इथले वीस-पंचवीस हजार शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले असे सांगतात. त्या काळी रत्नागिरीहून मुंबई गाठायची म्हणजे बोट. कापणी-झोडणी उरकून, खोताचा वाटा पोचवून, वर तिकिटाचे पैसे जमवून माणसे निघाली असतील. शिष्टमंडळ घेऊन बाबासाहेब खेरांना भेटले. खेरांनी नीट ऐकून घेतले. ते ऐकून नेहमीच घेत. पण बिल काही कायदा झाले नाही.

का नाही झाले? माझे मत सांगतो, पटले तर घ्या. खेरांच्या मनात कुळांविषयी वाईट भावना नव्हती, पण काँग्रेस पक्षात जमिनी असलेले लोक भरपूर होते, खोतही होते, आणि तुरुंगात बरोबर बसलेल्या माणसाच्या उत्पन्नावर हात घालायला खेरांसारखा मवाळ माणूस कचरतो. शिवाय बिल विरोधी बाकावरून आलेले. विरोधकाचे बिल चांगले असले तरी त्याच्या नावाने कायदा होऊ द्यायचा नाही ही खोड तेव्हापासूनचीच आहे. कुळाला मात्र हे बारा वर्षे महाग पडले. बारा हंगाम अर्धेल.

त्या सरकारने शेतकऱ्यासाठी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कायदेभंगाच्या चळवळीत जप्त झालेल्या जमिनी परत करण्याचा कायदा १९३८ साली झाला. लहान खातेदारांना दिलासा देणारा कायदा झाला. आणि १९३९ साली कूळ कायदा झाला. सहा वर्षे सलग जमीन कसणारा कूळ ‘संरक्षित’ ठरला, त्याला मनास येईल तेव्हा काढता येईना. हे बीज मोठे होते. अलिबागकडे चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून संप चालवला होता, वर्षानुवर्षे शेते पडीक ठेवली होती. मोरारजी स्वतः तिथे जाऊन आले आणि त्यानंतर या कायद्याला गती मिळाली. म्हणजे मागणाऱ्याने रेटले तेव्हा सरकार हलले. पण हा कायदा पहिल्यांदा लागू झाला तो निवडक जिल्ह्यांत, तोही १९४१ ला. रत्नागिरीत तो पोचायला १९४६ उजाडले.

दुसरीकडे गिरणगाव. आपल्या जिल्ह्यातले घर म्हणजे एक भाऊ गावात अर्धेल करणार आणि दुसरा मुंबईत गिरणीत, त्याच्या मनिऑर्डरीवर इकडचा खंड भागणार. खेर सरकारने १९३८ साली औद्योगिक तंट्यांचा कायदा आणला आणि संपाच्या हक्कावर बंधने घातली. ७ नोव्हेंबर १९३८ ला आंबेडकर आणि कम्युनिस्टांनी मिळून त्याविरुद्ध एक दिवसाचा संप केला, त्यात गोळीबारही झाला. म्हणजे त्याच वर्षाच्या जानेवारीत धाकटा भाऊ मोर्चात आणि नोव्हेंबरात थोरला संपात, आणि दोघांसमोर सरकार एकच, आपल्याच गावच्या माणसाचे. अशी कितीतरी घरे असतील.

नोव्हेंबर १९३९ मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. खेर गादी सोडून ठाण्याच्या जंगलाकडे वळले. १९४० साली आदिवासी सेवा मंडळ निघाले, खेर त्याचे संस्थापक-अध्यक्ष. वारली, कातकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा, वसतिगृहे. मग बेचाळीसचा लढा, पुन्हा तुरुंग, सुटका १९४४ मध्ये.

पण त्याच वारल्यांमध्ये १९४५ ला शामराव आणि गोदावरी परुळेकर उतरले आणि वेठ बंद, लग्नगडी बंद अशी हाक दिली. तेच शामराव, जे खोतीविरुद्ध कोकणात काम करीत होते. खेरांचे मंडळ शाळा काढत होते आणि परुळेकर मंडळी सावकाराच्या दारात उभी राहत होती. १९४६ ला खेर पुन्हा सत्तेवर आले आणि त्यांच्याच सरकारने परुळेकर दांपत्याला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केले. आदिवासींसाठी संस्था काढणाऱ्या माणसाच्या कारकिर्दीत हे घडले, ते लपवून चरित्र सांगता येणार नाही. गोदावरीबाईंनी तो सगळा काळ ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे, ग्रंथालयात मिळाले तर जरूर वाचा.

दुसरी कारकीर्द १९४६ ते १९५२. ही मात्र कामाची. या सहा वर्षांत जमिनीवरचे जेवढे कायदे झाले तेवढे आधीच्या साठ वर्षांत झाले नसतील. १९४७ ला तुकडेबंदी. कोकणात चार गुंठ्यांचे चोंढे आणि त्यात सात वाटेकरी, तिथे ती कितपत चालली ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९४८ ला नवा कूळ वहिवाट कायदा. जिराईत जमिनीचा खंड पिकाच्या एक तृतीयांशाहून जास्त घ्यायचा नाही, बागायतीचा एक चतुर्थांशाहून जास्त नाही, आणि खंडाशिवाय कसलाही हक्क, भेट, वेठ घ्यायची नाही. अर्धेल या शब्दाचा जीव इथेच गेला. मग १९४९-५० मध्ये जुन्या वतनांची रांगच मोडली. गुजरातची तालुकदारी गेली, भागदारी-नरवादारी गेली, परगणा-कुलकर्णी वतने गेली, आणि आपल्याकडची खोती गेली. खोती निर्मूलन कायदा १९४९ चा, अंमल १९५० पासून.

या कायद्याचे काम कसे चालले ते थोडे नीट बघू, कारण आजही वाद इथेच अडकतात. धारेकरी थेट सरकारचा खातेदार झाला, मध्ये खोत उरला नाही. खोती निसबत जमिनीवरच्या कायम कुळांना खोताला ठरावीक रक्कम देऊन कब्जेदार होता आले. खोती खासगी, म्हणजे खोताच्या स्वतःच्या वहिवाटीची जमीन, ती खोताकडेच राहिली. गावची पडीक, रान ही सरकारजमा झाली. आणि जो साधा कूळ होता, ज्याचा कायमपणा कागदावर कुठे नव्हता, तो कूळ म्हणूनच राहिला, फक्त आता त्याच्या पाठीशी कूळ कायदा होता.

इथे मेख आहे बघा. कायमपणा सिद्ध करायचा कशावर? पावतीवर. खोत पावती द्यायचा का? बऱ्याच ठिकाणी नाही. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या कसणारी कितीतरी माणसे साध्या कुळात गणली गेली, आणि काही ठिकाणी निसबतीची जमीन खासगीत बसली. बाबासाहेबांच्या बिलात कसणाऱ्याला थेट हक्क मिळाला असता. खेरांच्या कायद्यात तो वर्गवारी करून मिळाला. तरीसुद्धा खोताच्या अंगणात उभे राहण्याची पाळी संपली, आणि सारा तलाठ्याकडे भरून पावती हातात पडू लागली. आमच्या मते ही पावतीच कायद्यातली सर्वांत मोठी गोष्ट. नावावर जमीन होती म्हणूनच १९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग योजना आली तेव्हा डोंगरउतारावर कलमे आणि काजू लावता आले. ज्यांचे नाव ‘इतर हक्कात’ अडकले होते ते त्या योजनेच्या अर्जापाशीच थांबले.

दारूबंदीचेही सांगितले पाहिजे. ६ एप्रिल १९५० पासून साऱ्या राज्यात पूर्ण दारूबंदी झाली. गांधीवाद्याला ते व्रतच होते. पण रत्नागिरीच्या किनाऱ्यावर माडी काढणे हा भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा. माड तोच, माडावर चढणारा तोच, आणि एका तारखेनंतर तो गुन्हेगार. नीरेचा पर्याय दिला गेला, पण नीरा सकाळची दुपारपर्यंत टिकत नाही आणि गिऱ्हाईक बंदरावर, हे हिशेब मुंबईत बसून कळणारे नव्हते. खोतीचा कायदा आणि माडीचा कायदा, दोन्ही एकाच वर्षी अंमलात. एका घराला जमीन मिळाली आणि शेजारच्या घराची भाकरी गेली.

शिक्षणातही तसेच. १९४७ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा यांचाच, पुण्याला विद्यापीठ यांच्याच काळात. हरिजनांना देवळे खुली करणारा कायदाही १९४७ चा. पण पाचवी ते सातवीचे इंग्रजी काढून ते आठवीपासून सुरू करण्याचा निर्णयही यांचाच. मुलाने आपल्या भाषेत शिकावे हा हेतू चांगला. मुंबईत नोकरी शोधायला जाणाऱ्या कोकणातल्या पोराला मात्र त्याचा चिमटा बसला.

एप्रिल १९५२ मध्ये मोरारजी मुख्यमंत्री झाले. खेर लंडनला हायकमिशनर म्हणून गेले, कृष्ण मेननांच्या जागी. १९५४ ला परत आले, त्याच वर्षी पद्मविभूषण मिळाले. १९५५ ला राष्ट्रपतींनी राजभाषा आयोग नेमला, अध्यक्ष खेर. इंग्रजीच्या जागी हिंदी कशी आणायची हा प्रश्न. आयोगाने देशभर साक्षी घेतल्या, १९५६ ला अहवाल दिला, आणि बंगालचे सुनीतिकुमार चटर्जी व मद्रासचे सुब्बरायन यांनी त्याला भिन्न मते जोडली. त्या वादाचा धुरळा पुढे किती वर्षे उडाला ते सर्वांना माहीत आहे.

८ मार्च १९५७ रोजी पुण्यात खेर वारले. वय अडुसष्ट. मुंबईत मलबार हिलवर त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

त्यानंतर चोवीस दिवसांनी, १ एप्रिल १९५७ ला कृषक दिन आला. १९४८ च्या कूळ कायद्यात मोरारजींच्या काळात जी दुरुस्ती झाली होती तिच्याप्रमाणे त्या दिवशी साधा कूळही जमिनीचा मालक मानला गेला, किंमत तेवढी ठरायची राहिली. खोती निर्मूलनात जे सुटले होते त्यांतले पुष्कळ जण इथे वर आले. तुमच्या पेटीत ‘३२ म’ चा दाखला असेल तर तो या दुरुस्तीचा. ‘३२ ग’ च्या चौकश्या मात्र पुढे कित्येक वर्षे मामलेदार कचेऱ्यांत चालल्या, आणि दाखला न घेताच म्हातारी माणसे गेली ती प्रकरणे अजून वारसांच्या नावाने उभी आहेत.